तीस फोटो आणि तेहतीस अनारसे

मेलबर्न,
१५ जून २०२६, रात्री

चिऊ,

सकाळी तुझी कॅम्पची बॅग दारात होती, बाबांनी गाडी काढली होती, आणि तू फ्रिजवरच्या कालनिर्णयापुढे थांबलीस. "आई, अधिक ज्येष्ठ आज संपतो आणि उद्यापासून परत ज्येष्ठच? आणि ह्या महिन्यात आपला एकही मोठा सण नव्हता. मग तो घ्यायचाच कशाला?" मी म्हटलं, नंतर सांगते, बस चुकेल. पण दिवसभर तुझा प्रश्न माझ्यासोबतच होता. बुधवारी तू येशील तेव्हा ही चिठ्ठी तुझ्या उशीवर असेल. जोडाक्षरं अडली तर मला हाक मार.

आधी हिशोब. चंद्राचे बारा महिने मोजले की ३५४ दिवस होतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दर वर्षी अकरा दिवसांची तूट. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा रमजान दर वर्षी थोडा आधी येतो, ते ह्याच तुटीमुळे. त्यांच्याकडे जास्तीचा महिना घेत नाहीत, म्हणून रमजान थंडीतून उन्हाळ्यात, उन्हाळ्यातून थंडीत असा सगळीकडे फिरून येतो. आपल्याकडे सण पिकांना धरून आहेत. आषाढात पाऊस हवा, वारी पावसातच चालायला हवी. म्हणून ती तूट साठू द्यायची आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना घालून फेडायची. ज्या महिन्यात सूर्य एकाही नव्या राशीत जात नाही तो अधिक. त्याला स्वतःचं नाव नसतं, पाठोपाठ येणाऱ्या महिन्याचं नाव घेऊन तो येतो. उद्या लागतो तो खरा ज्येष्ठ, म्हणजे निज ज्येष्ठ. गणपतीच्या तारखा बघ: २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, गेल्या वर्षी अकरा दिवस मागे येऊन २७ ऑगस्ट, आणि यंदा एकदम १४ सप्टेंबर. मधे हा महिना घातला म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. तो मला जास्त आवडला.

ह्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, नव्या घराची वास्तुशांत नाही. म्हणून त्याला मलमास म्हणायचे, आणि तो कुणालाच नको होता. गोष्ट अशी सांगतात की तो बिचारा रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचंच नाव दिलं, पुरुषोत्तम मास. माजलगावजवळ गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी नावाचं गाव आहे, तिथे पुरुषोत्तमाचं जुनं देऊळ आहे. अधिक आला की त्या लहानशा गावात महिनाभर माणसं लोटतात.

मी तिथे गेले ते १९९९ साली. तेव्हाही ज्येष्ठच अधिक होता आणि मी तुझ्याएवढी, नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी, ऊन असं की चप्पल काढली की पाय भाजायचे. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, मला एस.टी.ने घेऊन गेली. नदीला गुडघाभर पाणी. तिने मला बुडी मारायला लावली आणि बाहेर आल्यावर विचारलं, "काय नेम धरलास?"

नेम म्हणजे महिनाभर रोज करायची एक छोटी गोष्ट. रोजच करायची, आणि ती करतोय हे चारचौघांत सांगत सुटायचं नाही. कुणी एकदाच जेवतं, कुणी मुक्याने जेवतं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं, कुणी संध्याकाळी एक दिवा लावतं. पणजीला वाचता येत नव्हतं. तिचा नेम होता मूठभर ज्वारी. स्वयंपाकाला बसायच्या आधी एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, आणि अमावस्येला ते मडकं ज्या घरी गरज असेल तिथे नेऊन द्यायची. तीस मुठी म्हणजे फार नाही गं. पण त्या महिन्यात तिचा चेहरा लग्नघरात असावा तसा असायचा. सण नव्हता, तरी रोज तिची कशाची तरी वाट बघणं चालू असायचं.

म्हणून मी १७ मेला तुला म्हटलं, आपणही नेम धरू. तू विचारलंस, कसला? मला काही सुचलं नव्हतं. आदल्या रात्री आपण 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला होता आणि तू पोट धरून हसली होतीस, दादासाहेब फाळके घरातलं एकेक सामान विकून कॅमेऱ्यामागे लागतात तेव्हा. मग मी तुला वाटाण्याची गोष्ट सांगितली. १९१२ साली फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण पिक्चर काढायला पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून जास्त दिवस, थोडं थोडं करून, त्याच्या वाढीचं चित्रण केलं. मातीतून कोंब वर येऊन वेल होतो तो सगळा प्रवास लोकांनी मिनिटभरात पाहिला आणि फाळक्यांना भांडवल मिळालं. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ ला, 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. त्यात रोहिदास झालेला मुलगा त्यांचाच, भालचंद्र.

तू लगेच उठलीस आणि डब्यातले वाटाणे काढलेस. इथे थंडी सुरू होताना वाटाणा पेरतात, ते आपल्या पथ्यावरच पडलं. रोज संध्याकाळी एक फोटो, त्याच जागेवरून, खिडकीच्या कडेला पेन्सिलीने खूण करून. पहिले आठ फोटो नुसत्या मातीचे आहेत. पाचव्या दिवशी तू चिडलीस, "मातीचा फोटो काय काढायचा रोज?" मी काही बोलले नाही, फोन तुझ्या हातात दिला. नवव्या दिवशी तू ओरडलीस तेव्हा बाबा अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले.

सोळाव्या दिवशी तू विसरलीस आणि रात्री अकराला जागी होऊन रडलीस, नेम मोडला म्हणून. तेव्हा मी बॅटरी लावून तुला खिडकीशी नेलं. तो फोटो अंधारा आला आहे, पण आहे. तुझ्या पणजीचंही एकदा राहिलं होतं, तापाने फणफणली होती ती. दुसऱ्या दिवशी तिने दोन मुठी टाकल्या.

बाकी महिनाभरात काय काय झालं, तेही लिहून ठेवते. पुढचा अधिक येईल तेव्हा तू बारा वर्षांची असशील आणि हे विसरलेली असशील.

वाचन: रात्री झोपताना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे तुला इतका आवडला की शाळेतल्या मैत्रिणींना तू जिभेने 'ट्टॉक्' करून दाखवतेस. पहिल्या रात्री तू अर्धं पान वाचलंस आणि दमलीस, काल चार पानं वाचलीस. मधेच थांबून 'फुरसुंगी खरंच आहे?' विचारलंस ना, आहे, पुण्याजवळच आहे, पुढच्या वेळी दाखवते. मी स्वतः गेल्या वर्षीचे दिवाळी अंक वाचतेय. यंदा अधिकामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे नवे अंक यायच्या आत मला अडीच आठवडे जास्त मिळाले. मला त्याचा फार आनंद झाला.

दिवा: इथे ह्या दिवसांत सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. तू शाळेतून येऊन दूध पिईपर्यंत अंधार. म्हणून तेव्हाच निरांजन लावायचं आणि तेव्हाच फोटो काढायचा असं आपण ठरवलं. त्या वेळी बीडला आजीकडे दुपारचं ऊन असतं. ती फोनवर म्हणते, "तुमची सांज बघून माझा चहा होतो."

आणि अनारसे. ह्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि तेहतीस अनारसे द्यायचे. तेहतीसच का, तर तेहतीस देवांचा एकेक, असं आजी सांगते. आजी तिकडे आणि तिचा जावई इकडे, मग आजीच्या वतीने मीच करायचं ठरवलं. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, कपड्यावर पसरून किंचित ओलसर असतानाच दळले, गूळ घालून गोळा करून ठेवला. थंडीमुळे तो मुरायला आठ दिवस लागले. ८ जूनला इथे ब्रिटनच्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी होती, त्या सकाळी तळायला बसलो. पहिल्या घाण्यातले तिन्ही अनारसे तुपात विरघळून पसरले आणि मी म्हटलं, "अगं बाई, हसले!" तू म्हणालीस, अनारसा हसतो? हसतो. गूळ जास्त झाला की हसतो. आजीने फोनवरून सांगितलं तसं आपण थोडं कोरडं पीठ मळलं आणि पुढचे जाळीदार झाले. खसखस लावायचं काम तुझं होतं. तू मोजून तेहतीस डब्यात भरलेस आणि आजीला व्हिडिओवर दाखवून बाबांच्या हातात दिलेस. आजी पदराने डोळे पुसत होती, तुला वाटलं तुपाच्या धुराने. धूर आपल्याकडे होता, चिऊ.

उद्यापासून निज ज्येष्ठ. आता सण येतीलच: २९ जूनला वटपौर्णिमा, मग पालख्या निघतील, २५ जुलैला आषाढी एकादशी.

तू नसल्यामुळे तिसावा फोटो मी काढला. पाच वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या पेन्सिलीच्या खुणेवर फोन टेकवून. सकाळी जो दोऱ्यासारखा ताणा हवेत लोंबत होता, त्याने संध्याकाळपर्यंत तू रोवलेल्या काडीला एक वेढा घातला आहे. तीसही फोटो जोडून ठेवलेत, पण मी अजून चालवून पाहिले नाहीत. तू आलीस की पाहू.

आई