वय ४१, पगार ६२,००० युरो

तुमचा प्रश्न तीन दिवसांपूर्वी वाचला. वय ४१, चाकणला क्वालिटीमध्ये मॅनेजर, वर्षाला २६ लाख. मिसेस शाळेत गणित शिकवतात, मुलगी तिसरीत, मुलगा अजून बालवाडीत. जर्मनीत नुर्नबर्गजवळच्या एका कंपनीची ६२,००० युरोंची ऑफर हातात आहे. स्टुटगार्टला असलेल्या २७ वर्षांच्या मावसभावाला ५४,००० मिळतात, मग माझ्या १८ वर्षांच्या अनुभवाची किंमत फक्त ८,००० युरो का, असं तुम्ही विचारलंय. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण जमलं नाही. मी २०१३ साली, ३८व्या वर्षी, नाशिकहून इथं आलो तेव्हा मीही हाच हिशेब करत होतो, आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

व्हिसा, ब्लू कार्ड, विमा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट लिहिलेलं आहे, ते मी सांगत बसत नाही.

पगाराचं बोलू. इथं पगार वयाला मिळत नाही. एके काळी सरकारी नोकरीत मिळायचा. २००५ मध्ये नवा वेतन करार आला आणि वयाच्या जागी अनुभवाच्या पायऱ्या आल्या. पुढं २०११ मध्ये युरोपीय न्यायालयानंही सांगितलं की नुसत्या वयावर मूळ पगार ठरवणं हा भेदभाव आहे. त्या करारात आज सहा पायऱ्या आहेत आणि पहिलीवरून सहावीवर पोचायला १५ वर्षं लागतात. कारखान्यांत तर कामाचा वर्गच महत्त्वाचा. जे काम तुम्हाला देणार, त्या कामाचा पगार. तुमची १८ वर्षं त्यांनी मोजली नाहीत असं नाही, पण त्यांना त्यातली जेवढी लागतात तेवढीच मोजली. म्हणून कंपनीला विचारा, की तुम्ही कामगार संघटनेच्या वेतन करारात आहात का, मला कोणत्या वर्गात घेताय, आणि आठवड्याचे तास किती. करारातल्या कारखान्यात आठवडा ३५ तासांचा असतो, बाहेरच्या छोट्या कंपनीत बहुतेक ४० चा. त्याच ६२,००० चे एका ठिकाणी तासाला ३४ युरो पडतात, दुसऱ्या ठिकाणी ३० सुद्धा नाहीत. मी हे विचारलं नव्हतं. चार वर्षं ४० तास भरले आणि शेजारच्या गावातल्या माझ्यासारख्याच माणसाला शुक्रवारी दुपारी मुलाला पोहायला नेताना पाहत राहिलो.

आता मावसभाऊ. तो एकटा आहे, टॅक्स क्लास १, म्हणजे अविवाहितांचा कर-वर्ग, त्याच्या हातात महिन्याला साधारण २,८५० येत असतील. तुम्ही क्लास ३, म्हणजे जोडप्यातल्या एकाचा कर कमी कापणारा वर्ग, घेतलात आणि मिसेस घरी राहिल्या तर तुमच्या हातात ३,६०० च्या आसपास येतील. मुलांचा भत्ता वेगळा, २०२५ मध्ये तो दर मुलामागे २५५ युरो होता. तो एका खोलीत राहतो, तुम्हाला तीन खोल्या लागणार. युरोला शंभर रुपये धरले तरी ६२ लाख दिसतात, नातेवाईकांना तेवढंच दिसतं, पण भाडं, वीज, मुलांच्या सहली भरून झाल्यावर महिनाअखेर तुमच्यापेक्षा त्याच्याकडे जास्त शिल्लक राहील. हे आधीच मान्य करून या, म्हणजे दर दिवाळीला फोनवर ते नव्यानं टोचणार नाही.

खरा फरक मात्र मला २०१९ मध्ये कळला. पाच वर्षं वर्गणी भरली की पेन्शन खात्याकडून दरवर्षी एक पत्र येतं, ६७व्या वर्षी किती मिळेल ते सांगणारं. माझं पहिलं पत्र मी कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी माझ्याच वयाचा, पगार जवळपास माझ्याएवढाच. त्यानं फोनवर स्वतःचं पत्र काढून दाखवलं. तो १६व्या वर्षी शिकाऊ म्हणून लागला होता. तोपर्यंत त्याच्या नावावर माझ्या चौपट गुण होते. इथली पद्धत अशी की देशाच्या सरासरीएवढा पगार वर्षभर मिळाला की एक गुण, आणि जुलै २०२५ च्या भावानं एका गुणाचे महिन्याला ४०.७९ युरो. तुमचा पगार सरासरीच्या साधारण सव्वापट आहे. ४१ ते ६७ अशी २६ वर्षं धरा, ३२ गुण होतात, म्हणजे त्याच भावानं महिन्याला १,३०० युरो. मावसभाऊ २७व्या वर्षापासून ५४,००० वर जरी अडकून राहिला, तरी त्याचे १,७०० च्या पुढं जातात. हा आहे तुमच्या वयाचा हिशेब, आणि तो ८,००० च्या फरकात दिसत नाही. सरकारलाही तो माहीत आहे. साध्या कुशल कामगाराच्या परवान्यावर कुणी ४५ ओलांडून पहिल्यांदा येत असेल, तर वर्षाला एक किमान पगार (२०२५ मध्ये ५३,१३० युरो) दाखवावा लागतो, नाहीतर म्हातारपणाची सोय आहे हे सिद्ध करावं लागतं. ती अट तुम्हाला लागू नाही, पण ती का घातली असेल याचा विचार करा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावाकडून फोन वाढलेत. बारावी झालेल्या मुलींचे आईवडील विचारतात, नर्सिंगला पाठवू का. मी हो म्हणतो, जर्मन भाषा बी १, म्हणजे सहापैकी तिसऱ्या पातळीपर्यंत, पक्की करून या म्हणतो. शिकतानाच पहिल्या वर्षी महिन्याला १,४०० च्या आसपास मिळतात आणि तीन वर्षांनी तीन हजारांच्या वर. १९व्या वर्षी आलेल्या मुलीसमोर सगळी शिडी मोकळी आहे. चाळिशीत आलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर खिडकीतून आत घेतात. पगार वरच्या मजल्याचा मिळतो, खालचे मजले मात्र तुमच्या नावावर कधीच नसतात.

तुम्ही तुमच्या आणि मावसभावाच्या पगाराची तुलना केलीत. मिसेसच्या पगाराबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळ नाही. माझ्याही वहीत तेव्हा नव्हती.

माझी बायको एम.एस्सी., बी.एड. नाशिकला १२ वर्षं नववी-दहावीला गणित शिकवायची. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं भाषा आणि लेकीत गेली, मग तिनं शिक्षिका म्हणून मान्यतेचा अर्ज केला. पहिला दगड नावाचा. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि तेही माहेरचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये माझं नाव. कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, या दोन व्यक्तींचा एकमेकींशी काय संबंध? लग्नाचा दाखला दिला, तर त्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं. गॅझेटची प्रत, प्रतिज्ञापत्र, त्यांची भाषांतरं, प्रत्येक पानाचे पैसे. विद्यापीठातून तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम शिक्क्यासह मागवायला माझा भाऊ सात वेळा पुण्याला गेला. अकरा महिन्यांनी उत्तर आलं, नकार. इथं शिक्षकाला दोन विषय लागतात, तिचा एकच. आणि जर्मन जवळजवळ मातृभाषेसारखं हवं.

२०१८ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती पाळणाघरात मदतनीस म्हणून लागली. त्यासाठीची परीक्षाही तिनं दिली. वेतन गट एस ३, म्हणजे पाळणाघराच्या कामातला खालचा गट, पायरी पहिली, कारण शाळेतली १२ वर्षं 'संबंधित अनुभव' नाही. ते पत्र आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बराच वेळ पडून होतं. मग पहिलं पगारपत्रक आलं. मी क्लास ३ असल्यामुळे ती आपोआप क्लास ५, जिथं कर जास्त कापतात. एकूण १,४००, हातात ९००. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मला विचारलं, "म्हणजे तुझा कर माझ्या पगारातून जातो?" वर्षअखेरच्या विवरणात सगळं जुळतं, असं मी समजावत बसलो. जुळतंही. पण बेकारी भत्ता किंवा बाळंतपणाचा भत्ता ठरवताना ते ९०० च बघतात, आणि दर महिन्याला तिच्या हातात ९०० च येतात. क्लास ४-४, म्हणजे दोघांना सारखाच वर्ग, घेता येतो. आम्ही पुढच्या वर्षी घेतला. तुम्ही पहिल्या दिवसापासून घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. मंडळाचा गणपती असतो, संक्रांत असते, होतं सगळं.

शाळेबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमची मुलगी तिसरीत आहे आणि माझीही आली तेव्हा तिसरीत होती. बव्हेरियात, म्हणजे नुर्नबर्ग आहे त्या राज्यात, चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. मे महिन्याच्या सुरुवातीला एक गुणपत्रक मिळतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे जाणारी शाळा. २.६६ पर्यंत रिआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची, बहुतेक कामाच्या प्रशिक्षणाकडे नेणारी शाळा. इथं एक हा सगळ्यांत चांगला गुण. लेकीला गणितात एक, परिसर अभ्यासात तीन, जर्मनमध्ये चार. २.६६. दीड वर्षात शिकलेल्या भाषेत तिला तीन मिळाले असते, तर बरोबर २.३३ झाले असते.

शिक्षिकेनं समोर बसवून सांगितलं की मुलगी छान आहे, रिआलशूलमध्ये आनंदात राहील. आम्ही मान हलवली, आभार मानले. दोन वर्षांनी एका तुर्की आईकडून कळलं, की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथं नव्हती, त्यांची उणीव फक्त भाषेची असेल तर ३.३३ पर्यंतसुद्धा गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येतं. नियम तेव्हाही होता. आम्हाला कुणी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही. तो कागद माझ्या फाईलमध्ये आहे, आणि फाईल काढली की मी आधी तोच काढतो.

लेक आता २० वर्षांची आहे. रिआलशूल करून मेकाट्रॉनिकचं (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्हींचं) प्रशिक्षण घेतलं, यंदा एका करारातल्या कारखान्यात कायम झाली. ३५ तास, महिन्याला एकूण ३,६०० च्या पुढं. आईपेक्षा जास्त, आणि मी २०१३ मध्ये घ्यायचो त्याच्या जवळ. तिच्या नावावर पेन्शनचे गुण १६व्या वर्षापासून जमताहेत. ती म्हणते, "बाबा, मला मशीन उघडायला आवडतं, तुम्ही तो कागद फेकून द्या." ती खरं बोलते आहे हे मला दिसतं. तरी गणितातला तो एक मला विसरता येत नाही.

तुम्ही या. ६२,००० वाईट नाहीत. ६६,००० मागून बघा, तास विचारा. जॉइनिंगची तारीख मुलीच्या चौथीचा हिशेब करून ठरवा, आणि शाळेत पहिल्याच भेटीत ३.३३ चा नियम स्वतःहून काढा. मिसेसच्या माहेरच्या नावाचे सगळे कागद तिथं असतानाच एकसारखे करून घ्या, आणि त्यांच्या दोन विषयांचं काय ते आताच विचारा, इथं आल्यावर नाही.

काल हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांच्या मिसेसना माझा नंबर दे, रविवारी दुपारी मी बोलते. तुम्ही कळवलंत तर नंबर वेगळा पाठवतो. त्या वेळात मी बाहेर चक्कर मारून येईन. मी घरात असलो की ती याबद्दल फारसं बोलत नाही.