तिशीत प्रोस्टेटचा त्रास: आधी बसणं मोड

मित्रा, लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, बैठकीच्या जागी ठणका म्हटलं की कॅन्सरच डोळ्यांसमोर येतो. माझंही तसंच झालं होतं. पण पन्नाशीच्या आत हा त्रास बहुधा प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, सुजेचा असतो, आणि बऱ्याचदा त्यात जंतू सापडतच नाहीत. म्हणून आधी युरॉलॉजिस्टकडे जा, लघवीची कल्चर तपासणी (जंतू आहेत का ते बघणारी) कर. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नकोस. मी घेतल्या, दोन महिने वाया गेले.

मला खरा फरक पडला तो बसणं मोडल्यावर. दर पाऊण तासाने उठायचं, बाइकचा लांबचा प्रवास थांबत थांबत करायचा, लघवी तुंबवायची नाही. रात्री दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं. चहा सहा कपांवरून दोनवर आणला. तिखट आणि दारू प्रत्येकाला सारखीच बाधते असं नाही, काही आठवडे बंद करून स्वतः बघ. केगल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, मात्र व्हिडिओ पाहून सुरू करू नकोस: तिथले स्नायू आधीच आखडलेले असतील तर दुखणं वाढतं. ते सैल सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. आणि वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना ते नक्की सांग. पीएसए तपासणीचा (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) विचार मग ५० ऐवजी ४०-४५ व्या वर्षीच करतात.