आजीच्या 'राग मानू नकोस'बद्दल

प्रिय चिनू,

परवा आजीचा मेसेज वाचून तू विचारलंस, "बाबा, आजी दरवेळी शेवटी 'राग मानू नकोस' का लिहिते? राग आला तर तसं लिहायला तुम्ही लोक घाबरता का?" ते 'तुम्ही लोक' मला जरा लागलं.

सोलापुरात आपलं घर पूर्व भागात. आजूबाजूला विणकर, बहुतेकांच्या घरात तेलुगू. दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळे साधं बोलणंही ओरडूनच. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की भांडणं अंगणात, सगळ्यांच्या देखत. राग गिळून बसणारी माणसं नव्हतो गं आम्ही.

पत्राचं मात्र वेगळं होतं. पोस्टकार्ड उघडं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावं. तुझे पणजोबा गल्लीतल्यांना मराठीत पत्रं लिहून द्यायचे. एकदा शेजारच्या काकू तणतणत आल्या. लेकीला पंचमीला माहेरी धाडलं नाही म्हणून व्याह्यांचा उद्धार चालला होता. पणजोबा 'हं, हं' करत ऐकत होते आणि कार्डावर लिहीत होते, 'लेकीची वाट पाहून डोळे शिणले. आपण जाणते आहात, जास्त काय लिहावे. राग नसावा.' वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी पदरानं डोळे पुसले. "हां, असंच धाडा," म्हणाल्या.

ते पत्र खोटं होतं असं मला वाटत नाही. दुखणं त्यात होतंच. शिव्या लिहिल्या असत्या तर त्या सासरी लेकीलाच भोवल्या असत्या.

पण मोठ्या आत्याचं आठवलं की मी डगमगतो. लग्नानंतर तिची पत्रं कायम 'इकडे सर्व क्षेमकुशल' अशी यायची. ती किती सोसत होती ते आम्हाला फार उशिरा कळलं. एखादं पत्र तिनं चिडून लिहायला हवं होतं. आम्ही धावत गेलो असतो.

म्हणून आजीसारखंच लिही, असं मी म्हणणार नाही. मैत्रिणींना तू सरळ 'मला राग आलाय' लिहितेस, ते मला आवडतं. फक्त एवढं बघ, आजीला तिथून तुझा चेहरा दिसत नाही. आपलं बोलणं नातीला लागलं की काय, हे तिला कळायला मार्ग नसतो, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

तुला तिचा खरंच राग आला असेल तर तसं कळव. लिहायला मराठी अडलं तर बोलून पाठव, तिला चालेल.

बाबा