वेग घेताच गाडीतून घूं आणि कुईं : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत : गाडी गावात गप्प असते, वेग घेतला की आवाज काढते. अनेकांनी निदान होण्याआधीच एखादा पार्ट बदलून टाकला आहे आणि आवाज मात्र तसाच आहे. हे पैसे वाया जाताना पाहून वाईट वाटतं. आधी एवढंच शोधा : आवाज चाकांच्या वेगाबरोबर चढतो, इंजिनच्या आरपीएमबरोबर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर), की ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्याबरोबर?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक ७०,००० किलोमीटर चालली आहे. ताशी ६० च्या पुढे जडसा घूं आवाज येतो. एक मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवू म्हणतो, दुसरा चारही टायर बदला म्हणतो. (सातारा)

गिअरबॉक्सला अजून कोणालाही हात लावू देऊ नका. सपाट, रिकाम्या रस्त्यावर ७० चा वेग धरा, क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणा आणि ॲक्सिलरेटर सोडा. इंजिन चालूच ठेवायचं. ते बंद केलंत तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. आरपीएम खाली आले तरी घूं तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरेल तसा सावकाश उतरला, तर इंजिन, बेल्ट, अल्टरनेटर हे सगळे संशयातून सुटले. मग पहिला संशय टायर आणि व्हील बेरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या कड्यावर.

या दोघांचे आवाज इतके सारखे असतात की मुरलेले मेकॅनिकही इथे चुकतात. त्यांना वेगळं करायला रस्ताच कामी येतो. काँक्रीटचा रस्ता आणि नवा गुळगुळीत डांबरी रस्ता, दोन्हीकडे तोच वेग धरून ऐका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काँक्रीटचा आहे, तिथून उतरून डांबरी रस्त्याला लागलात की फरक लगेच कानाला कळेल. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. बेरिंगचा आवाज कुठल्याही रस्त्यावर जवळजवळ तोच राहतो. गाडी थांबवून टायरवरून तळहात आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टायर वेडावाकडा झिजला आहे. बिघडलेलं अलाइनमेंट, थकलेले शॉक ॲब्सॉर्बर किंवा वेळेवर न केलेलं टायर रोटेशन ही त्याची नेहमीची कारणं. पुढचे टायर त्याच बाजूला मागे टाकून बघा. आवाजही मागे सरकला तर निदान पक्कं, आणि एकही पार्ट विकत न घेता.

टायर निर्दोष ठरले तर लांब, सौम्य वळणावर कान द्या. उजवीकडे वळताना डाव्या चाकांवर भार येतो. तेव्हा आवाज वाढत असेल आणि डावीकडे वळताना कमी होत असेल, तर बहुधा डाव्या बाजूचं बेरिंग गेलं आहे. खात्रीसाठी गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात त्याच चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. माझ्या मते कानापेक्षा हीच परीक्षा भरवशाची. चाक वर-खाली धरून हलवून बघतात तेही करा, पण ‘प्ले (ढिलेपणा) नाही म्हणजे बेरिंग ठीक’ हे मान्य करू नका. प्ले यायच्या बराच आधी बेरिंग आवाज करू लागतं.

नवं बेरिंग हबमध्ये प्रेस मशीनने बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेरिंग पुन्हा लवकर आवाज करतं. बऱ्याच गाड्यांत बेरिंगच्या एका बाजूला एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकीय रिंग असते. ते उलटं बसलं की एबीएसचा दिवा लागतो. हबचं नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा.

प्रश्न : मागच्या चाकांवर चालणारी आमची जीप पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गेली. आता ॲक्सिलरेटर दाबला की मागून कुईं येतं, पाय काढला की थांबतं. (चिपळूण)

इथे आवाज भाराशी बांधलेला आहे, म्हणून पहिला संशय मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीवर. तापलेलं हाउसिंग पाण्यात अचानक थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या भोकातून) किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आजच ऑइल तपासा. ते दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, ऑइल पूर्ण काढा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. ‘कुठलंही गिअर ऑइल चालतं’ हे इथे अजिबात खरं नाही : या गिअरचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात आणि त्यांना खास दाब सोसणारं ऑइल लागतं. काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे तुकडे दिसले किंवा ऑइल बदलूनही आवाज राहिला, तर पिनियन बेरिंग बघायला हाउसिंग उघडावं लागेल. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचे.

गिअरबॉक्सचा संशय असेल तर एक परीक्षा आहे. अशा बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, गिअरबॉक्सच्या दात्यांवर भार येत नाही. चौथ्यात आवाज गेला तर गिअरबॉक्स, सगळ्या गिअरांत तसाच राहिला तर डिफरन्शियल.

प्रश्न : डिझेल गाडी दोन हजार आरपीएमला शिट्टी वाजवते. (नाशिक)

बारीक शिट्टी टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची असते, ती चालेल. ती सायरनसारखी मोठी झाली असेल, ओढ कमी झाली असेल आणि काळा धूर येत असेल, तर आधी इंटरकूलरचे (ती हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासा. पाइपच्या फटीसाठी अख्खा टर्बो बदलू नका.

प्रश्न : ८० च्या पुढे दाराजवळ शिट्टी, समोरून वारा असला की जास्त. (पणजी)

दार आणि काचेच्या फटींवर एकेक करून मास्किंग टेप लावून चालवा. जिथे टेप लावल्यावर शिट्टी थांबली तिथलंच रबर बीडिंग बदला. छतावर कॅरिअर असेल तर आधी तो काढून बघा.

प्रश्न : बेरिंगचाच आवाज आहे असं ठरलं. गणपतीला पुण्याहून गावी कोकणात जायचं आहे, येऊन काम केलं तर? (पुणे)

नाही, जाण्याआधीच करा. गॅरेजपर्यंत हळू नेणं वेगळं आणि सामानासकट घाट उतरणं वेगळं. बेरिंग तापत गेलं की ग्रीस जळतं, मग प्ले वाढतो. ब्रेक डिस्क हलू लागते आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. शेवटी चाक अडकू शकतं किंवा निखळू शकतं. घूंबरोबर स्टिअरिंगमध्ये थरथर असेल, एबीएसचा दिवा लागला असेल किंवा एका चाकाजवळ जळका वास येत असेल, तर गॅरेजलाही चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा. एकच बेरिंग खराब असेल तर एकच बदलून चालतं. सणाआधी गॅरेजांत गर्दी असते, तेव्हा पार्ट मिळाल्याची खात्री करूनच गाडी टाका.