पावसात सापडलेली, पंख गळालेली मुंगळ्याची राणी मोठ्या बरणीत माती भरून ठेवली तर चालेल का?

नको, बरणीपेक्षा साधी टेस्ट ट्यूब बरी. तळाला एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा बोळा ओला होईपर्यंत घट्ट दाबायचा, मग राणी आणि तोंडाला कोरडा कापूस, वरून काळा कागद गुंडाळून कपाटात ठेवून द्या, आणि हो, रोज उघडून बघू नका, हलवलं की राणी अंडी खाऊन टाकते. बरणीत मातीला बुरशी येते, शिवाय आत काय चाललंय तेच दिसत नाही. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत (साधारण महिना-दीड महिना) खायला काहीच लागत नाही, उडायचे स्नायू विरघळवून ती त्यावरच भागवते. नंतर साखरपाण्याचा थेंब, मेलेला डास. फक्त हे मुंगळ्यांपुरतं, काही जातींच्या राण्या स्वतः शिकार करतात, त्यांना सुरुवातीपासून खाऊ घालावं लागतं.