पदविकेची जाहिरात आणि वॉर्डातील प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आजोबांच्या मलाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांच्या पोटावरील स्टोमाची (मल बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी बदलण्याचे काम तिने आपणहून अंगावर घेतले आणि तेव्हापासून मोठ्या आतड्याची व मलाशयाची सर्जरी तिच्या मनात घर करून आहे. त्याच जोडीने ती आता क्लिनिकल रिसर्चबद्दलही बोलू लागली आहे. नातेवाइकांच्या मते रिसर्च म्हणजे पीजीची सीट न मिळालेल्यांची सोय. आणि दरम्यान एका खासगी संस्थेच्या क्लिनिकल रिसर्च पदविकेची जाहिरात आपल्या हाती आली आहे. सर्जरी की रिसर्च, असा आपला प्रश्न आहे.

या प्रश्नातील 'की' हा शब्दच मला मान्य नाही. क्लिनिकल रिसर्च या एका नावाखाली दोन निरनिराळी कामे चालतात. औषध कंपन्यांच्या चाचण्यांत कागदपत्रे सांभाळणे, नोंदी तपासणे, रुग्णांच्या पुढील भेटींचा पाठपुरावा करणे हे एक काम. बीफार्म किंवा जीवशास्त्राचे पदवीधर ते उत्तम करतात आणि पदविकेचा उपयोग असलाच तर त्यांना. दुसरे काम म्हणजे रुग्णाजवळ उभे राहून प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर मोजून काढणे. ते डॉक्टरचे काम आहे, आणि शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर ते शस्त्रक्रिया जाणणाऱ्यालाच जमते, कारण गोळी कोणीही दिली तरी तीच असते, पण एकच ऑपरेशन दोन सर्जनांच्या हातून दोन प्रकारचे होते.

याचे चांगले उदाहरण कन्येच्या आवडत्या विषयातच आहे. मलाशयाचा कर्करोग काढल्यावर तो ओटीपोटात त्याच जागी पुन्हा उद्भवणे, ही जुनी डोकेदुखी होती. 1982 मध्ये बिल हील्ड या इंग्रज सर्जनने असे मांडले की, मलाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन न फाडता, जसेच्या तसे, मलाशयासोबत काढले पाहिजे. पुढे नेदरलँड्समध्ये मोठी चाचणी झाली. त्यात 1,861 रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ ही शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना आधी पाच दिवस रेडिओथेरपी व मग हीच शस्त्रक्रिया, अशी विभागणी करण्यात आली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत रोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण केवळ शस्त्रक्रियेच्या गटात 8.2 टक्के, तर आधी रेडिओथेरपी दिलेल्या गटात 2.4 टक्के होते. मात्र तोपर्यंत जगलेल्यांच्या प्रमाणात फरक पडलेला नव्हता. मला यातील सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आकड्यांच्या आधीची आहे. भाग घेणाऱ्या सर्जनांना ही शस्त्रक्रिया अनुभवी सर्जनांच्या देखरेखीखाली आधी शिकवण्यात आली होती; ते केले नसते तर नेमके कशाचे मोजमाप झाले, हेच सांगता आले नसते.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. भगंदरावर क्षारसूत्र (आयुर्वेदातील औषधी लेप दिलेला दोरा) आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांची तुलना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, अनेक केंद्रांवर केली आणि ती 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के आणि शस्त्रक्रियेत 11 टक्के होते. आयुर्वेदाचा अभिमान किंवा तिटकारा, दोन्ही बाजूला ठेवून मोजले की असे उत्तर हाती येते.

मोजणे वाटते तितके सोपे नसते. एका निवासी डॉक्टरने मला सांगितलेली गोष्ट लिहितो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतडे कधी हलू लागते, हा त्याच्या थीसिसचा विषय होता आणि त्यासाठी रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन 'वारा सरला का?' असे विचारून तो फॉर्म भरत असे. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आले की, 'हो' म्हटले की चहा मिळतो, हे सगळ्या वॉर्डाला कळले आहे. त्याने तोवरच्या नोंदी बाजूला ठेवल्या, मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली, नियमाप्रमाणे बदलाला एथिक्स कमिटीची मंजुरी घेतली आणि पुन्हा पहिल्या रुग्णापासून सुरुवात केली. हा मुलगा संशोधक होणार, असे मला त्या दिवशी वाटले. कोणत्याही पदविकेत हे शिकवत नाहीत.

आता मार्गाविषयी. एमबीबीएस व इंटर्नशिप, शासकीय महाविद्यालयाची बंधपत्रित सेवा, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, जनरल सर्जरीत तीन वर्षांचे एमएस, आणि त्यानंतर नीट एसएस या पुढच्या प्रवेश परीक्षेतून सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पचनसंस्थेची सर्जरी) किंवा सर्जिकल ऑन्कॉलॉजीचे (कर्करोगाची सर्जरी) तीन वर्षांचे एमसीएच, ही अतिविशेष पदवी, असा हा लांबचा पल्ला आहे. केवळ मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या सर्जरीला वाहिलेले विभाग आपल्या देशात मोजकेच आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तसा विभाग आहे आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये या कर्करोगांसाठी स्वतंत्र चमू आहे. स्वतंत्रपणे काम करू लागेपर्यंत तिचे वय तिशी ओलांडून गेलेले असेल, हे घरातील सर्वांनी आजच मान्य करावे. रिसर्च मात्र तोवर थांबवून ठेवण्याचे कारण नाही, कारण एमएसला थीसिस सक्तीचा आहे. तो अनेक जण केवळ उरकतात. तिने उरकू नये, एवढेच.

त्याआधीही एक संधी आहे. आयसीएमआरची एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) ही योजना एमबीबीएस व बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी असून त्यात आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करता येतो व विद्यावेतनही मिळते. इंटर्नशिप लागल्यावर ही संधी राहत नाही. विषय तिच्या हाताशीच आहे: स्टोमा असलेल्या रुग्णांना घरी जाण्यापूर्वी पिशवी बदलायला कोण शिकवते, आणि महिन्याभराने त्यांना ती स्वतः बदलता येते का? आजोबांमुळे तिला यातील खाचाखोचा पुस्तकांपेक्षा अधिक ठाऊक आहेत.

'मुलीला सर्जरी झेपेल का', असे आपण पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे. मूळव्याध किंवा भगंदराचा त्रास पुरुष डॉक्टरला दाखवायला नको म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या बायका आपल्याही नात्यात असतील. त्यांना विचारून पाहावे.

राहिली पदविका. शुल्कातील सवलत या महिनाअखेरीस संपते, असे आपण कळवले आहे. ती संपू द्यावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक