तांबं घालायचे पैसे, काढायचेही पैसे

प्रश्न : आमच्या घरच्या जलतरण तलावात साधारण 50,000 लिटर पाणी मावतं. ते हिरवट झालंय, पायऱ्यांवर निळसर डाग पडलेत, बायकोचे ब्लीच केलेले केसही हिरवे दिसू लागलेत. तपासणीत तांबं लिटरला 1 मिलिग्रॅम आणि पीएच 6.8 निघाला. क्लोरीन कमी लागावं म्हणून दोन वर्षांपूर्वी आयोनायझर (शेवाळ मारणारं विजेचं यंत्र) घेतला होता (पाच वर्षांचे हप्ते चालू आहेत, मध्ये त्याच्या कांड्याही बदलल्या). तोच विक्रेता आता धातू काढणारं यंत्र सुचवतोय. किंमत माझ्या तीन पगारांएवढी. त्यासाठी मुदत ठेव मोडू की कर्ज काढू? चार महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी ही एकच ठेव आहे. तलाव चकाचक असला तर घर विकताना पैसे वसूल होतीलच.

उत्तर : ठेव मोडू नका, कर्जही काढू नका. तुमचा प्रश्न इथे संपला. आता तुम्ही कंसात जे लिहिलंय त्याकडे वळतो.

कांड्या का बदलल्या? झिजल्या म्हणून. मग झिजलेलं तांबं गेलं कुठे? तुमच्याच तलावात. आयोनायझरचं कामच ते आहे : वीज सोडायची, कांडीतलं तांबं पाण्यात उतरवायचं, म्हणजे शेवाळ मरतं. पाणी वाफ होऊन उडून जातं, तांबं मागेच राहतं. नव्या कांड्या घेतल्यात म्हणजे तांब्याचा पुढचा साठा पैसे देऊन भरलात. केसांचा हिरवेपणाही त्याचाच. लोक उगाच क्लोरीनला बोल लावतात. आणि आयोनायझर असला तरी थोडं क्लोरीन लागतंच, हे विकताना कुणी सांगत नाही.

म्हणजे एकाच माणसाला तांबं घातल्याबद्दल हप्ता देताय आणि काढल्याबद्दल दुसरा द्यायला निघालात. आयोनायझर आजच बंद करा. ‘तीन वर्षांचे हप्ते उरलेत, मग चालवायला नको का?’ नको. चालवलात तरी हप्ता तेवढाच, बंद ठेवलात तरी तेवढाच. मुदतीआधी कर्ज फेडता येतं का आणि दंड किती, एवढं विचारून घ्या.

आता हिशेब. 50,000 लिटरमध्ये लिटरला 1 मिलिग्रॅम म्हणजे 50 ग्रॅम तांबं. मूठभर तार. तेवढ्यासाठी तीन पगार? अर्धं पाणी काढून तांबं नसलेलं भरलंत की 25 ग्रॅम उरतं, पुन्हा एकदा केलंत की 12-13. म्हणजे लिटरला पाव मिलिग्रॅम. तिथे डागांची धास्ती बरीच कमी होते. एका तलावभर पाण्याचा खर्च, बस. तलाव एकदम पूर्ण रिकामा करू नका, खाली भूजल वर असेल तर रिकामं टाकं उचललं जातं. काढलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, तांबं माशांना मारतं. भरायचं पाणी बोअरचं असेल तर आधी तपासा, नाहीतर तांबं काढून लोह आणि मँगनीज भराल.

बाटलीतलं ‘धातू काढणारं’ औषधही दाखवतील. बहुतेक औषधं धातू काढत नाहीत, नुसता बांधून ठेवतात. क्लोरीन ती बांधणी हळूहळू तोडतं, की पुन्हा बाटली. तोही हप्ताच. पायऱ्यांवरच्या डागांचं मात्र पाणी बदलल्यावर बघा. आत्ता घाबरून क्लोरीनचा मारा केलात तर उरलेलं तांबंही पायऱ्यांवर बसेल.

घर विकताना वसुली होईल ही आशा हिशेबात धरू नका. तलाव पाहून हरखणारा गिऱ्हाईकही देखभालीचा खर्च मनात धरूनच भाव सांगतो.

राहिला पीएच. 6.8 म्हणजे पाणी आम्लधर्मी, 7.2 ते 7.6 हवं. स्किमरमध्ये, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्यात, क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवत असाल तर त्या थांबवा, त्यातल्या बऱ्याचशा भलत्याच आम्लधर्मी असतात. पीएच वाढवायचा तो पाणी बदलल्यावर, हळूहळू. आधी वाढवलात तर विरघळलेलं तांबं डाग होऊन बाहेर येईल. तलावाला हीटर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि आत तांब्याची नळी असेल, तर असं पाणी ती नळी खातं. या आठवड्यात हीटर उघडून बघायला सांगा. तो बदलायची वेळ आली तर पैसे त्या एकाच ठेवीतून निघणार आहेत.